लूम सुटलं तरी चालणं सुटू नये

सुरतच्या भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात निवृत्तीला ठरलेली तारीख नसते. सरकारी कचेरीत अठ्ठावन्न पूर्ण झाली की शाल, श्रीफळ, दोन भाषणं आणि एक ग्रुप फोटो होतो. लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, तसलं काही नाही. नजर अधू होते, तुटलेला तार पटकन दिसत नाही, रात्रपाळीनंतर पाय सुजतात, आठ मशीन सांभाळणाऱ्याच्या वाट्याला चार येतात आणि एखाद्या दिवाळीला गावी गेलेला कारीगर परतल्यावर कामावर जातच नाही. मुलगा कमावता झालेला असतो. तोच म्हणतो, "आते निवांत बठा, आप्पा." आणि आप्पा बसतात.

खरी गडबड तिथून सुरू होते. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेल्या या पिढीने बारा-बारा तास उभं राहून काढले. घरापासून खात्यापर्यंत पायी, मग दोन लूमांमधल्या बोळात दिवसभर येरझाऱ्या, सुटल्यावर पुन्हा पायी. हे सगळं एका आठवड्यात शून्यावर येतं. खाटेवर टीव्ही, दुपारी झोप, चौकात चहा, रात्री मोबाइलवर गावाकडचे व्हिडिओ. सहा महिन्यांत पोट सुटतं, वर्षभरात जिना चढताना दम लागतो आणि घरात सगळे मान डोलावतात: वय झालं. वयाच्या माथी मारलेल्या या दुखण्यांपैकी बरीचशी नुसती बसून राहण्याची असतात.

अमेरिकेतल्या डलास शहरात १९६६ मध्ये एक प्रयोग झाला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. उठले तेव्हा त्यांची दमसास टिकवायची क्षमता पाव भागाहून जास्त घसरली होती. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा गाठलं. आता ते पन्नाशीत होते, वजन वाढलं होतं, पोट सुटलं होतं. तरीही त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने शरीराचं जेवढं नुकसान झालं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयाने केलेलं नव्हतं. पुढची गोष्ट त्याहून मोलाची. सहा महिने चालणं, हळू धावणं आणि सायकल असा बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम केल्यावर वयामुळे गेलेली क्षमता त्यांनी भरून काढली. पाचच माणसांवरचा हा प्रयोग, त्यामुळे त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण पन्नाशीतलं शरीरही सवय लावली तर ऐकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

"आम्ही जन्मभर उभ्यानेच काम केलं, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" हा प्रश्न या भागात हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अंगमेहनत हृदयाला राखते, हा विचार मुळात कामगारांकडे बघूनच पुढे आला. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर सीटवर, कंडक्टर दिवसभर बसच्या जिन्यावर वर-खाली. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

मग लूमवर आयुष्य काढलेल्याला काळजीचं कारण काय? डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे एक लाखाहून अधिक माणसांची माहिती सुमारे दहा वर्षं गोळा केली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. फावल्या वेळात जे लोक हालचाल करत होते त्यांना हृदयाचा त्रास कमी झाला. ज्यांचं कामच अंगमेहनतीचं होतं, त्यांना मात्र तो जास्त झाला. ऐकायला उलटं वाटतं, पण कारखान्यात काम केलेल्याला यातलं मर्म लगेच कळेल. व्यायामात अर्धा तास हृदयाची गती वाढते, मग शरीराला सावरायला दिवस मिळतो. कामावर बारा तास त्याच बोळात त्याच पद्धतीने पायांवर राहायचं, विसावा शेठच्या मर्जीवर, आजूबाजूला गोंगाट आणि उकाडा, झोप अर्धवट. यात शरीर झिजतं, तयार होत नाही. त्यामुळे आधीच्या तीस-चाळीस वर्षांच्या मेहनतीची पुंजी पुढे पुरेल, या भरवशावर कुणी राहू नये.

बायकांचा हिशोब वेगळा आहे आणि तो कुणी फारसा मांडत नाही. या वसाहतींत घराघरांत साडीवर स्टोन लावण्याचं, टिक्क्या चिकटवण्याचं, धागे कापण्याचं काम चालतं. जमिनीवर मांडी घालून, मान खाली, तासन्‌तास. घरकाम तर सुटतच नाही. साठीला आलेल्या मावशींना कुणी निवृत्त करत नाही, उलट नातवंडं सांभाळायची भर पडते. त्यांना "दिवसभर कामच करते ना मी" असं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या कामात चालणं जेमतेम आणि बसणं फार. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांमध्ये ५७ टक्के. तेव्हा घरातल्या माणसांनी सकाळचा अर्धा तास मावशींच्या नावावर मोकळा करून द्यावा. तेवढा वेळ नातू मुलाने किंवा सुनेने सांभाळला तर आभाळ कोसळत नाही.

आता करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला सोपा आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणं. मध्यम जोर ओळखायला घड्याळ, पट्टा काही लागत नाही. चालता चालता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणता येता कामा नये. अभंग जमत असेल तर वेग वाढवा, बोलणंही तुटत असेल तर कमी करा. अर्धा तास एकदम झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत. कित्येक महिने बसून असलेल्याने पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांवर थांबावं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. पहिल्याच दिवशी तासभर चालून दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसणारे पुन्हा घराबाहेर पडत नाहीत.

मोबाइलमध्ये दहा हजार पावलं दाखवायचं खूळ अलीकडे सगळीकडे आहे. त्या आकड्याचा उगम १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रात आहे, कुठल्या वैद्यकीय शोधात नाही. पुढे झालेल्या अभ्यासांतून साठीपुढच्या माणसाला दिवसाकाठी सहा ते आठ हजार पावलांत बहुतेक फायदा मिळतो असं दिसलं. दोन हजारांवर असलेला माणूस चार हजारांवर गेला तरी ती मोठी कमाई आहे.

चालायचं कुठे, हा भेस्तानमधला खरा अडथळा. उधन्याहून सचिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक, टेम्पो आणि पार्सलच्या रिक्षा यांची रीघ असते. त्यात लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्यांना कमी ऐकू येतं. मागून आलेला हॉर्न पोचेपर्यंत गाडी अंगावर आलेली असते. म्हणून मोठ्या रस्त्याच्या कडेने चालायची वेळ आलीच तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चालावं आणि कानात इअरफोन तर अजिबात नको. त्याहून बरं म्हणजे सोसायटीच्या आतले रस्ते, महापालिकेची बाग, शाळेचं मैदान, देवळाभोवतीचं आवार. रेल्वेरुळांच्या कडेची पायवाट सरळ आणि मोकळी दिसते, पण ती व्यायामाची जागा नव्हे. उन्हाळ्यात सातच्या आत आटपावं, कारण सुरतचा दमट उकाडा आठपासूनच घाम काढतो. थंडीत उलट करावं. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलच्या धुराड्यांचा धूर पहाटे खाली दबून राहतो, म्हणून दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या माणसाने ऊन वर आल्यावर निघालेलं चांगलं.

उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी हा सुरतचा बीआरटीएसचा पहिला मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला. बँकेत, दवाखान्यात, नातेवाइकांकडे जायला अनेक जण तोच धरतात. येताना एक थांबा आधी उतरलं की चालणं आपोआप होतं. फक्त रस्ता ओलांडायचा तो सिग्नलवरूनच.

एवढ्यावर बहुतेकांचा व्यायाम संपतो आणि इथेच गफलत होते. चालण्याने दम सुधारतो, पण खाटेवरून उठायला, जिना चढायला, संडासला बसून उठायला मांडीची ताकद लागते. स्नायू वयाबरोबर घटत जातात आणि साठीनंतर या घटीचा वेग वाढतो. त्यासाठी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायामही तीन किंवा जास्त दिवस करायला जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं आहे.

आपण कुठे आहोत हे घरबसल्या तपासता येतं. हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, तेव्हा भिंत हवीच, आणि शेजारी कुणीतरी उभं असावं. दोन्ही हात छातीवर दुमडायचे. तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा होतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला चौदा आणि बाईला बारा यायला हवेत. पासष्ट ते एकोणसत्तरसाठी हेच आकडे बारा आणि अकरा. याहून कमी आले तर पाय कमकुवत झालेत आणि पडण्याचा धोका वाढलाय असं समजावं. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.

गंमत अशी की ही परीक्षा हाच तिचा अभ्यास आहे. सकाळी आणि संध्याकाळी दहा-दहा वेळा खुर्चीवरून सावकाश उठणं-बसणं. भिंतीला तळहात टेकून अंग पुढे-मागे करणं, म्हणजे उभ्याने दंड. किचनच्या ओट्याला धरून टाचा उचलणं. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन कोपरातून वर-खाली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना जिना फुकट मिळाला आहे, मात्र उतरताना कठड्याचा हात सोडू नये. उचलताना श्वास रोखून धरायचा नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. सोपं वाटायला लागलं की दोन वेळा वाढवायच्या. नव्वदीत हे जमेल का, अशी शंका असणाऱ्यांसाठी बोस्टनच्या वृद्धाश्रमातला १९९० चा अभ्यास आहे. ८६ ते ९६ वयाच्या आजी-आजोबांनी देखरेखीखाली आठ आठवडे पायांनी वजन उचललं आणि त्यांच्या मांडीची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. त्यांच्यापुढे साठीचे आप्पा म्हणजे पोरच.

तोलासाठी ओट्याजवळ उभं राहून एक पाय उचलायचा, दहा सेकंद मोजायचे, मग दुसरा. बोटं ओट्यावर असू द्यावीत. नंतर फरशीच्या एका रेषेवर टाचेला अंगठा लावत चालायचं. दात घासताना, चहाला उकळी येईपर्यंत हे होऊन जातं. साठीपुढे मोडलेलं खुब्याचं हाड माणसाला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवतं आणि डलासच्या तरुणांचं तीन आठवड्यांत काय झालं ते वर आलंच आहे. ओल्या मोरीत रबरी पायपुसणं आणि भिंतीला एक धरायची दांडी, हा खर्च ऑपरेशनपुढे काहीच नाही.

गुडघे दुखतात म्हणून बसून राहणारे पुष्कळ. गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचाच भाग आहे. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवळलं तर चालेल. सूज आली किंवा दुखणं वाढत गेलं तर प्रमाण कमी करून डॉक्टरांना विचारावं.

मधुमेहाचं वेगळं सांगायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. चालण्याने साखर उतरते ही चांगली बाब, पण इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी लांब जाऊ नये, खिशात साखरेच्या पुड्या किंवा गोळ्या ठेवाव्यात. चपलेऐवजी पाय झाकणारा बूट आणि सुती मोजे घालावेत. परत आल्यावर तळवे बघावेत, कारण बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही. चालताना छातीत दडपण आलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, अचानक घाम फुटला, गरगरलं, तर तिथेच थांबायचं. "गॅस झाला असेल" म्हणत घर गाठू नये, १०८ ला फोन करावा. हृदयविकार होऊन गेलेल्यांनी आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी सुरुवातच डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

एकट्याने सुरू केलेलं चालणं पंधरा दिवसांत बंद पडतं. २१ जून २०२३ रोजी सुरतेत सुमारे दीड लाख लोकांनी एकत्र योग करून गिनीजमध्ये विक्रम नोंदवला. विक्रम मोठाच होता. पण २२ जूनला त्यातले किती जण उठले, हे कुणी मोजलं नाही. गल्लीतले चार म्हातारे रोज साडेसहाला एका टपरीपाशी भेटत असतील तर तो जमाव आरोग्याच्या दृष्टीने जास्त कामाचा. एक जण आला नाही की बाकीचे दार वाजवतात.

खान्देशी माणसाला सोबतीने चालणं नवं नाही. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारे जथे आजही निघतात. मुक्ताईची पालखी आषाढीसाठी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते, तिच्यात साठी-सत्तरीचे वारकरी चालतात. ते रोज चालत चालत त्या अंतराला पोचलेले असतात. वर्षभर खाटेवर आणि चैत्रात एकदम गडावर, हा मात्र अंगाशी येणारा प्रकार. जायचंच असेल तर दीड-दोन महिने आधीपासून चालणं वाढवत न्यावं. गडावर २०१८ पासून ट्रॉली आहे, तिच्यात बसण्यात कमीपणा नाही. पायऱ्या चढायच्या असतील तर त्यांची तयारी इथल्या जिन्यावर करता येते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला सुरतच्या खान्देशी वस्त्यांतल्या बायका फुगड्या घालत, नाचत निघतात. ज्या मावशींना त्या दिवशी दोन तास नाचता येतं, त्यांना एरवी अर्धा तास चालता येत नाही, हे पटण्यासारखं नाही. ज्यांना चुरस आवडते त्यांनी गुजरात सरकारच्या खेल महाकुंभाकडे बघावं. २०१० पासून भरणाऱ्या या स्पर्धांत साठीपुढच्यांचा वेगळा गट असतो.

व्यायामाचा विषय निघाला की मराठी घरांत लता भगवान करे यांचं नाव निघतं. साठी ओलांडलेल्या या बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची विशेष दखलही घेतली गेली. कौतुक योग्यच आहे. पण त्या हौसेने धावल्या नव्हत्या. नवऱ्याच्या उपचारांना पैसे नव्हते म्हणून शेतमजुरी करणारी बाई धावली. ही गोष्ट सांगून घरातल्या सासूबाईंना "बघा, तुम्हालाही जमेल" म्हणणं बरं नव्हे. सराव नसलेल्या साठीच्या माणसाने एकदम शर्यतीत उतरू नये. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच की नऊवारी आणि वय या दोन्ही सबबी फारशा टिकत नाहीत.

जेवणाचं थोडक्यात: नुसत्या व्यायामाने स्नायू भरत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात. चहा-खारी आणि संध्याकाळी पातळ वरण-भात एवढ्यावर ती मिळत नाहीत. दोन्ही वेळेला घट्ट डाळ किंवा उसळ, दही किंवा ताक, मूठभर शेंगदाणे, चालत असेल तर अंडं असावं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

शेवटी एक विनंती मुला-सुनांना. "निवांत बठा" हे मायेने म्हटलेलं असतं, पण त्याऐवजी दूध आणायचं, नातवाला शाळेत पोचवायचं, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचं काम आप्पांकडे सोपवा आणि ते काढून घेऊ नका. येत्या रविवारी घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाची खुर्चीची चाचणी घ्या, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.